विहारयात्रा आणि धम्मयात्रा : सोपाऱ्याच्या अर्ध्या दिवसाच्या भेटीनिमित्त

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठवा लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, त्या यात्रांत मृगया आणि तत्सम करमणुकी असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेलो व तेव्हापासून धम्मयात्रेस आरंभ झाला, असा त्या लेखाचा आशय आहे. या ठिकाणी 'विहार' या शब्दाचा अर्थ भिक्खूंचे निवासस्थान असा नाही. मराठीत आपण वनविहार, नौकाविहार म्हणतो त्याच अर्थाने, म्हणजे मौजेसाठी केलेले हिंडणे या अर्थाने, तो शब्द तेथे आला आहे. आमच्या पालि वर्गातील विद्यार्थ्यांना हा भेद प्रथम सांगितला की ते हसतात, कारण वर्षातून एकदोनदा विहाराच्या वतीने जी सहल निघते तिलाही सर्वजण सहजपणे 'विहाराची यात्रा' म्हणतात. मग आपली यात्रा कोणती, अशोकाने सोडून दिलेली की त्याने सुरू केलेली, हा प्रश्न हसण्यापाठोपाठ उभा राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे विशेषेकरून सोपाऱ्यास उभा राहिला, आणि ते स्वाभाविकही होते. या आठव्या लेखाचा एक भग्न तुकडा १८८२ साली सोपाऱ्यासच सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावर मिळाला. एका मालिकेतील दोन लेखांचे तुकडे एकाच परिसरात मिळाले, यावरून चौदाही लेखांची मालिका येथे कोरलेली होती असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात या मालिकेचे अवशेष मिळालेले हे एकमेव स्थळ होय. नवव्या लेखाचा विषय 'मंगल' हा आहे. लोक आजारपणात, मुलामुलींच्या विवाहात, पुत्रजन्माच्या वेळी आणि प्रवासास निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात. त्यांचे फळ अल्प असते, आणि दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमणब्राह्मणांस दान हेच खरे धम्ममंगल होय, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा सोपाऱ्यास मिळालेल्या दोन तुकड्यांपैकी एकाचा विषय यात्रा आहे, तर दुसऱ्यात यात्रेस निघणाऱ्याच्या शकुनविधींचा उल्लेख आहे. एका बंदरात, जेथून रोज कोणी ना कोणी गलबतावर चढत असे, तेथे हे शब्द वाचले किंवा ऐकले जात होते हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे महत्त्व अधिक जाणवते.

जलमार्गाचे नगर

दादरहून सकाळी सातच्या सुमारास विरारची गाडी धरली की दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत परतता येते. परळ, लालबाग, नायगाव येथील उपासक-उपासिकांना हा अर्धा दिवस सोयीचा पडतो. मार्गदर्शकाने आपले काम नालासोपाऱ्यास उतरल्यावर सुरू करावे असा सर्वांचा समज असतो. आमचा अनुभव असा की ते भाईंदर सोडल्याबरोबर सुरू करावे. गाडी खाडीवरील पुलावर आली की खिडकीतून दोन्ही बाजूंस पाणी, मधे पाणजू बेट, आणि पलीकडे मिठागरे दिसतात. उल्हास नदीचे पाणी ज्या वसईच्या खाडीने समुद्रास मिळते तीच ही. उत्तरेस वैतरणेचे मुख आहे. या दोन मुखांच्या मधला जो सखल भूभाग, त्यात खाड्यांच्या फाट्यांनी वेढलेले सोपारा हे नगर वसले होते. पुढे गाळ साचत गेला, फाटे उथळ झाले, व जेथे गलबते लागत तेथे शेते आणि वाड्या झाल्या. आज स्थानकाबाहेर पडल्यावर इमारतींच्या गर्दीत बंदराची कल्पना करणे कठीण जाते. म्हणूनच ती कल्पना पुलावर असतानाच करून द्यावी लागते. पश्चिमेस गास, निर्मळ, भुईगाव या बाजूस गेले की विहिरी, तळी, केळीच्या बागा अजून आढळतात आणि जुन्या पाणथळ भूमीचे रूप थोडेबहुत समजते.

या नगराची कीर्ती दूरवर होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांत सोपारा व कल्याण यांची नावे येतात. टॉलेमीच्या भूगोलातही सोपाऱ्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे निवारे बांधल्याचे, तसेच डहाणूपर्यंतच्या नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे नमूद आहे. प्रवाशाला नदी ओलांडताना पैसे पडू नयेत हा विचार त्या काळी दानाचा विषय झाला होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरले आहे. तो धम्मुत्तरीय निकायाचा होता. 'भाणक' म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून त्यांचे पठण करणारा भिक्खू. सोपाऱ्याचा व्यापार सर्वांना ठाऊक असतो. सोपाऱ्यात बुद्धवचन तोंडपाठ असणारे लोक राहत होते, ही गोष्ट त्या एका ओळीने कळते. आमच्या दृष्टीने तिचे मोल अनेक नाण्यांहून अधिक आहे.

पालि वाङ्मयातील सोपारा

पालि ग्रंथांत हे नगर 'सुप्पारक' या नावाने येते. परंतु सर्व उल्लेख एकाच योग्यतेचे नाहीत. आमच्या सहलीत या थरांची गल्लत वारंवार होत असल्यामुळे त्यांची थोडी फोड करणे अवश्य आहे.

पहिला थर मूळ संहितेचा. उदानाच्या बोधिवग्गात बाहिय दारुचीरियाची कथा आहे. तो सुप्पारकात समुद्रतीरी राहत असे. लोक त्याचा सत्कार करीत, त्याला चीवर-पिंडपातादि सर्व मिळत असे, आणि जगात जे कोणी अर्हत असतील त्यांत आपण एक आहोत असे त्याला वाटू लागले होते. पूर्वजन्मीचा आप्त असलेल्या एका देवतेने त्याला सांगितले की तू अर्हत नाहीस, अर्हत्वाच्या मार्गावरही नाहीस. ते ऐकून बाहिय तत्काळ सुप्पारक सोडून सावत्थीस निघाला, भिक्षाटन करीत असलेल्या तथागतांस त्याने गाठले, आणि तीन वेळा विनवल्यावर त्यास अत्यंत संक्षिप्त असा उपदेश मिळाला. लवकरच एका सवत्स गायीने मारल्यामुळे त्याचा अंत झाला. पण त्यापूर्वी तो मुक्त झाला होता.

मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्त हेही मूळ संहितेतीलच. पुण्ण थेर सुनापरान्तास जाण्याची इच्छा प्रकट करतात. तेथील लोक चंड व कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, हातांनी, ढेकळांनी, दंडाने, शस्त्राने मारले तर काय करशील, असे तथागत पायरीपायरीने विचारतात, आणि पुण्ण प्रत्येक वेळी त्या लोकांचे भलेपणच पाहतात. त्या एका वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक व पाचशे उपासिका यांस धम्मात प्रतिष्ठित केले. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की सुत्तात 'सुनापरान्त' हा शब्द आहे, 'सुप्पारक' नाही. अपरान्त म्हणजे कोकण हे सर्वमान्य आहे, व सुनापरान्त तोच किंवा त्याचा भाग मानण्याकडे विद्वानांचा कल आहे. तथापि ब्रह्मदेशातील परंपरा सुनापरान्त आपल्याच देशात दाखविते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा थर अट्ठकथांचा. पुण्ण हे सुप्पारकाचे व्यापारी होते, त्यांनी आपल्या भावास समुद्रात संकटातून सोडविले, चंदनाचा मंडप बांधला गेला, आणि तथागत भिक्खुसंघासह तेथे आले, ही सर्व कथा पपञ्चसूदनीत आहे. संस्कृत 'दिव्यावदाना'तही तिचे एक रूप आढळते. पपञ्चसूदनी आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचली. म्हणजे घटनेचा मानलेला काळ आणि हे लेखन यांत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. तिसरा थर सिंहली वंसग्रंथांचा. विजयाची नौका प्रथम सुप्पारकास लागली, त्याच्या साथीदारांच्या उद्दाम वर्तनामुळे त्यास तेथून निघावे लागले, असे महावंस सांगतो. योनक धम्मरक्खित थेरांस अपरान्तात धाडल्याची हकीकतही त्यातच आहे. सुप्पारक जातकाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. पण त्यातील अंध नाविक भरुकच्छचा आहे. सुप्पारक हे तेथे नगराचे नव्हे, त्या नाविकाचे नाव आहे.

बुरुड राजाचा कोट

स्थानकापासून रिक्षाने स्तूपाशी पोहोचता येते. गावकरी या टेकाडास 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. धम्माचे विस्मरण झाले तरी स्थळाचे विस्मरण पूर्ण होत नाही. लोक त्याला दुसरे नाव देऊन जपतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिल महिन्यात हे टेकाड उकरले. मूळचे जुनागढचे हे विद्वान मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात तयार झाले होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांचे त्यांना साहाय्य होते.

स्तूपाच्या मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडाची एक मोठी गोल पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, व त्याच्या भोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. गत सात बुद्ध आणि भावी मैत्रेय असे हे अष्टक आहे. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे तेरा तुकडे होते. सोबत सोन्याची फुले व सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. धातुमूर्तींची घडण मात्र पुष्कळ नंतरची, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारासची. यावरून स्तूप एकदा उघडून पुन्हा श्रद्धेने बंद केला गेला असावा, असे अनुमान करण्यात येते. म्हणजे या जागी धम्माचा दिवा निदान सहाशे वर्षे तेवत होता. पुढे १९३९-४० साली पुरातत्त्व खात्यानेही येथे उत्खनन केले.

आज या ठिकाणी विटांचे बांधकाम आणि पूजास्थान दिसते. वैशाख पौर्णिमेस मोठी गर्दी होते. पण स्तूपाच्या पोटात जे होते ते येथे नाही. ते मुंबईत, फोर्टमधील टाऊन हॉलात एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

एका प्रश्नाचे उत्तर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तुकडीत लालबागच्या एका वयस्क उपासिका होत्या. पती गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनीच घर सांभाळले होते. स्तूपापुढे पंचांग प्रणाम करून त्या उठल्या आणि त्यांनी विचारले, "सर, भगवान खरंच इथं आले होते ना?"

आमच्याजवळ उत्तर तयार होते, आणि तेच आमच्या संकोचाचे कारण होते. त्याच्या आधीच्या कित्येक फेऱ्यांत आम्ही 'होय' असे सांगत आलो होतो. चंदनाच्या विहाराची कथा आम्ही रंगवून सांगत असू, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि आमचे व्याख्यान उत्तम झाले असे आम्हांस वाटे. एकदा आमच्याच वर्गातील एका विद्यार्थ्याने ती कथा निबंधात इतिहास म्हणून लिहिली, परीक्षकाने तिचा आधार विचारला, आणि तो विद्यार्थी आमच्याकडे आला. आम्ही त्याला अट्ठकथेचा संदर्भ दिला. त्याने पुन्हा विचारले की हे सुत्तात आहे का. नव्हते. त्या दिवशी आमची चूक आम्हांस कळली. आम्ही थर ओळखत होतो. ते सांगण्याचे मात्र टाळीत होतो.

म्हणून त्या उपासिकांस आम्ही असे सांगितले की भगवान येथे आल्याची कथा फार जुनी आहे, पण ती त्यांच्यानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथात आहे. मूळ सुत्तात नाही. पात्राचे तुकडे बुद्धांच्याच पात्राचे आहेत असे पंडित भगवानलाल यांस वाटले, पण तसे सांगणारा लेख पेटीत मिळाला नाही. उलट इसवी सन ३९९ मध्ये चीनहून निघालेल्या फाहियानाने बुद्धांचे म्हणून मानलेले पात्र पुरुषपुरास, म्हणजे आजच्या पेशावरास, पाहिले होते. सातव्या शतकात ह्यु-एन-त्संग तेथे आला तेव्हा पात्र गेले होते व नुसते अधिष्ठान उरले होते. एक पात्र पुरुषपुरात अखंड असेल तर त्याचे तुकडे त्याच काळी सोपाऱ्यात कसे असतील, याचा विचार करावा लागतो.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही नमस्कार कुणाला केला?"

हा प्रश्न आमच्या उत्तरापेक्षा मोठा होता. केवळ नकार देऊन थांबणारा अभ्यासक आपले अर्धेच काम करतो, हे आम्हांस तेव्हा उमगले. आम्ही म्हणालो की हे तुकडे ज्यांनी सोन्यात, स्फटिकात, चांदीत एकात एक ठेवले त्यांची श्रद्धा तर खरी आहे. ती आपण हातात घेऊ शकू इतकी खरी आहे. शिवाय सुनापरान्त म्हणजे हेच कोकण असेल, तर ज्या चंड व कठोर लोकांचे नाव सुत्तात निघते ते आपलेच पूर्वज होत, आणि पुण्ण थेर त्यांच्याकडे त्यांचे भलेपण पाहत आले. आपला नमस्कार त्यांना पोहोचतो. त्यावर त्या हसल्या व म्हणाल्या, "मग ठीक आहे. खोट्यापेक्षा हे बरं."

परतीच्या गाडीत आम्हांस बाहियाची आठवण झाली. सोपाऱ्याचे नाव घेणारी मूळ संहितेतील ही कथा मुळात कशाविषयी आहे? आपल्याविषयीची एक सुखद समजूत खोटी आहे असे कळताच रागावून न बसता जो उठून चालू लागला, त्याविषयी आहे. सोपाऱ्याच्या मार्गदर्शकाने दुसरे काही पाठ केले नाही तरी एवढे पाठ करावे.

मार्गदर्शनाविषयी काही सूचना

फाहियानाकडून आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. दक्षिण देशातील एका पाच मजली पर्वतविहाराचे वर्णन त्याने केले आहे. पण मार्ग बिकट असल्यामुळे आपण तेथे गेलो नाही, तेथील लोकांनी सांगितले ते लिहिले, असे त्याने स्वच्छ नमूद केले. पाहिलेले व ऐकलेले यांत त्याने रेषा ओढली. तो श्रद्धावान भिक्खू होता. ती रेषा ओढल्याने त्याची श्रद्धा उणावली नाही. विहारांच्या वतीने सहली नेणाऱ्या आमच्या बांधवांनी हीच रीत ठेवावी. सुत्तात काय आहे, अट्ठकथेत काय आहे, दगडावर काय कोरले आहे, आणि गावकरी काय सांगतात, या चार गोष्टी चार वेगळ्या वाक्यांत सांगाव्यात. श्रोते त्या चारही ऐकून घेतात. आमचे लोक भोळे आहेत, त्यांना इतका बारकावा नको, असे म्हणणे म्हणजे त्यांचा अवमान होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माची दीक्षा देताना समाजाकडून बुद्धीची अपेक्षा केली होती. त्यांच्यापूर्वी १९३७ साली आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला, तोही श्रमिक मनुष्य धम्माचा विचार करू शकतो या विश्वासानेच.

दुसरी सूचना क्रमाविषयी. सोपाऱ्याची सहल सोपाऱ्यासच संपू नये. आमच्या मते ती दोन अर्ध्या दिवसांची असावी. पहिला अर्धा दिवस फोर्टमध्ये घालवावा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नवव्या लेखाचा तुकडा पाहावा, त्याची ब्राह्मी अक्षरे बोटाने हवेत गिरवावीत. एशियाटिक सोसायटीकडे आगाऊ चौकशी करून करंडकांच्या दर्शनाची शक्यता पाहावी. मग दुसऱ्या रविवारी सोपाऱ्यास जावे. आधी ऐवज आणि नंतर जागा पाहिली म्हणजे रिकामा स्तूप रिकामा वाटत नाही.

तिसरी सूचना, वेळ राखावा तो प्रश्नांसाठी. अशोकाच्या आठव्या लेखात धम्मयात्रेची जी अंगे सांगितली आहेत त्यांत श्रमणब्राह्मणांचे दर्शन व दान, वृद्धांची भेट व त्यांस द्रव्यदान, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि शेवटी त्याविषयीची पृच्छा, असा क्रम आहे. पृच्छेवाचून यात्रा पुरी होत नाही. आमच्या बहुतेक सहलींत वंदना होते, छायाचित्रे होतात, न्याहारी होते, व्याख्यानही होते. पृच्छेस मात्र गाडीच्या वेळेमुळे जागा उरत नाही. आता आम्ही चक्रेश्वराच्या तळ्याकाठी अर्धा तास केवळ प्रश्नांसाठी ठेवतो. तेथील मंदिराच्या आवारात जुनी शिल्पे मांडलेली आहेत. सोपारा अनेक पंथांचे नगर होते हे त्यांवरून समजते, आणि त्याविषयीही लोक मोकळेपणाने विचारतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पालि या दोन्ही भाषांस एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु अभिजात भाषेचा अभ्यास सभागृहात जितका होतो तितकाच तो भातेला तळ्यापाशी, जेथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला तेथे उभे राहूनही होऊ शकतो. विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांस गाडी एकच लागते, तिकीटही तेच लागते. भेद पडतो तो तेथे गेल्यावर आपण काय विचारतो आणि काय उत्तर देतो यावर.

त्या उपासिका पुढील वर्षीही आमच्याबरोबर आल्या. या वेळी त्यांनी शेजारच्या दोघींना आणले होते. पुलावर गाडी आली तेव्हा आम्ही बोलण्यास आरंभ करण्यापूर्वीच त्या दोघींना त्या खाडीकडे बोट दाखवून सांगत होत्या की गलबते या पाण्यातून येत, आणि जे सुत्तात आहे ते वेगळे व जे नंतर लिहिले ते वेगळे, ते सर सांगतील, नीट ऐका.